जंगी पलटण: अडीचशे वर्षांत सगळं बदललं, मग टिकलं काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मराठा लाइट इन्फंट्रीचा विषय निघाला की आपण सगळ्या बटालियन एका दमात सांगून मोकळे होतो. दोन व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), बेळगाव, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय', आणि झालं. पण फौजेतला माणूस स्वतःची ओळख रेजिमेंटवर थांबवत नाही, तो पलटणीचं, म्हणजे बटालियनचं, नाव सांगतो. म्हणून या धाग्यात एकच पलटण घेऊ: पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण.

ऑगस्ट १७६८ मध्ये मुंबई बेटावर ईस्ट इंडिया कंपनीने ती उभी केली. तेव्हाचं नाव मुंबई शिपायांची दुसरी बटालियन. पुढे ती मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची तिसरी रेजिमेंट झाली, १९०३ च्या फेरबदलात १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, १९२२ मध्ये ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आणि स्वातंत्र्यानंतर १ मराठा. मालक बदलले, झेंडा बदलला, बंदुका आणि गणवेश बदलले. श्रीरंगपट्टण (१७९९), मुलतान आणि पंजाबातलं गुजरात (१८४९), ॲबिसिनिया म्हणजे आजचं इथिओपिया (१८६८) ही तिची जुनी रणं.

माझ्या मते मात्र या पलटणीची खरी गोष्ट कुतपासून सुरू होते.

नोव्हेंबर १९१४ मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३ वी मेसोपोटेमियात उतरली. आज आपण त्याला इराक म्हणतो. वर्षभर तैग्रिसच्या काठाने वर वर सरकत फौज बगदादच्या उंबऱ्याशी, टेसिफॉनला पोचली. नोव्हेंबर १९१५ च्या तिथल्या लढाईत इतकी माणसं गेली, की फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याला मागे फिरून कुत-अल-अमारात शिरावं लागलं. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. कुत म्हणजे नदीच्या वळणात अडकलेलं गाव, तीन बाजूंना पाणी. चौथ्या बाजूच्या टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला. २४ डिसेंबरला तुर्कांनी तोफांनी त्या भिंती पाडल्या आणि ते आत घुसले. आत ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्री, ११९ वी इन्फंट्री आणि आपली १०३ वी होती. हातबॉम्ब आणि संगिनी घेऊन रात्रभर मारामारी चालली. किल्ला पडला नाही.

नंतर मात्र भुकेने गाठलं. धान्य होतं, पण दळायला साधन नव्हतं, म्हणून विमानांतून जात्याची तळी टाकली गेली. एप्रिलमध्ये पिठाची पोती टाकायला सुरुवात झाली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवण्याचे जगातले ते पहिलेवहिले प्रयत्न. पुरणारं काहीच नव्हतं. घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे त्या मांसाला हात लावला नाही. धर्मगुरूंच्या परवानग्या तारेने मागवल्या, तरी नाही. गावात परत गेल्यावर पंगतीत कोण बसू देईल, ही चिंता पोटातल्या भुकेपेक्षा मोठी होती. माझ्या लेखी हा वेढ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि इंग्रजी पुस्तकं तो दोन ओळींत उरकतात.

जवळपास पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. १०३ वी अख्खी कैद झाली. तिच्याबरोबर ११० वी आणि ११७ वी मराठाही. पुढे वाळवंटातून पायपीट, आणि कित्येकांच्या नशिबी रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेचं काम. हजारो परत आले नाहीत.

म्हणजे १९१६ च्या मे महिन्यात रणांगणावर ही पलटण उरलीच नव्हती. तरीही डेपोत राहिलेली माणसं आणि सातारा, रत्नागिरी, कुलाब्याकडून आलेली नवी पोरं यांच्यावर ती पुन्हा उभी राहिली. त्याच क्रमांकाने, त्याच नावाने. कुठली ताकद ही? त्यावर तुमच्याकडे जे असेल ते लिहा.

भुईकोट

लेख आवडला. एक मात्र खटकलं, ते विचारतो. १७६८ म्हणजे माधवराव पेशव्यांचा काळ. कंपनीची मुंबईची फौज पुढे काही वर्षांतच कोणाविरुद्ध लढली? पुण्याविरुद्धच ना? पानिपतनंतर उभं राहणाऱ्या राज्यावर जी फौज चालून गेली, तिच्या एका पलटणीच्या जन्मतारखेचा आपण अभिमान कसा बाळगायचा? राग नाही, पण हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

कृष्णाकाठ

टाळायचा नाहीच आहे. मुंबईची फौज पुण्याविरुद्ध लढली, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला तिने सपाटून मारही खाल्ला. त्या फौजेत मराठे होते, महार होते, कोकणातले बेने इस्रायली होते, परदेशी आणि दक्षिणेकडचेही होते. पोटासाठी कंपनीचा पगार घेणारी माणसं ती. 'मराठा' हे नाव पलटणीला मिळालं १९०३ मध्ये, आणि तोवर इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवण्याचा खेळ केलेला होता. त्याच खेळात १८९० नंतर महारांची भरती बंद झाली. ज्यांनी कोरेगावपासून कंपनीसाठी रक्त सांडलं, त्यांना एका फर्मानाने बाहेर काढलं. हा डाग इंग्रजांच्या धोरणाचा आहे आणि पलटणींचा इतिहास सांगताना तो सांगायलाच हवा.

अभिमान कशाचा, याला माझं उत्तर: कंपनीचा नाही. किल्ल्याच्या पडलेल्या भिंतीत रात्रभर उभ्या राहिलेल्या शिपायाचा. तो कोणासाठी लढला हे त्याच्या हातात नव्हतं. कसा लढला हे होतं.

सुमेधा_क

भुईकोट, तुमच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. परक्यांनी उभ्या केलेल्या पलटणीत आपल्या माणसांनी हळूहळू स्वतःचं घर केलं. शिवरायांच्या नावाची युद्धघोषणा, गणपती, दसऱ्याचं शस्त्रपूजन, लेझीम, हे काही कंपनीने दिलेलं नाही. ४ फेब्रुवारी हा रेजिमेंटचा दिवस, १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो दिवस. इंग्रजी लाइट इन्फंट्रीचं बिगुल बिल्ल्यावर आणि सिंहगडाची तारीख पंचांगात! दोन्ही एकाच बटालियनमध्ये सुखाने नांदतात. 'हे आमचं' असं शिपायाने ठरवलं की ते त्याचं होतं.

निवृत्त_गणपत

मी मराठा लाइट इन्फंट्रीतूनच निवृत्त झालो, पलटण वेगळी. (टोपणनाव नव्या मंडळींसाठी: इंग्रजी अंमलापासून मराठा शिपायाला फौजेत लाडाने गणपतच म्हणतात.) परंपरा कशी शिकवतात ते सांगतो, कारण ती भाषणातून शिकवत नाहीत.

बेळगावच्या सेंटरला रंगरूट येतो तेव्हा त्याला काही माहीत नसतं. पहिले काही आठवडे फक्त धावणं, ड्रिल, रगडा आणि उस्तादाचा आवाज. लाइट इन्फंट्रीची चाल इतरांपेक्षा झपाझप. नवा पोरगा पहिल्यांदा त्या चालीत सापडला की पायांना कळत नाही काय चाललंय. मग एक दिवस पाय आपोआप पडतात. शर्कत युद्धस्मारकापुढे सावधान उभं करतात, तेव्हा उस्ताद सांगतो: १९१८ च्या ऑक्टोबरात शर्कतला ११४ वी मराठा कशी लढली. तारीख पाठ होते, कारण ती जागा रोज समोर असते. कसम परेड झाली की आई-वडिलांच्या छातीवर गौरव पदक लागतं. शेतातून थेट आलेली म्हातारी माणसं असतात, नऊवारीतल्या आया असतात. त्या वेळी पोराकडे कोणी बघत नाही, सगळे आई-बापांकडे बघत असतात.

पलटणीत आलं की लाल-हिरवा तुरा डोक्यावर. तो वाकडा लागला तर सुभेदार मेजर साहेब पन्नास पावलांवरून बघतात. नवा अधिकारी आला, मग तो पंजाबचा असो की केरळचा, त्याला मराठी शिकावंच लागतं. जवान काळजातली गोष्ट हिंदीत सांगत नाही ना! आमच्याकडे आलेले कित्येक साहेब बदली होऊन जाताना अस्सल घाटावरची मराठी बोलत गेले. नवव्या मराठातून पुढे आलेले जनरल जे. जे. सिंग तर लष्करप्रमुख झाले.

आणि बडाखाना. वर्धापनदिनाला सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांपासून कालच्या रंगरुटापर्यंत सगळे एका जागी जेवतात. निवृत्त मंडळी कुठून कुठून येतात. म्हाताऱ्या हवालदाराच्या शेजारी विशीतलं पोरगं बसतं आणि म्हातारा त्याला विचारतो, 'कुठली कंपनी?' पोरगं सांगतं. 'मग माझीच की!' एवढंच. तुम्ही कुतनंतर पलटण कशी उभी राहिली विचारता. असंच कोणीतरी डेपोत बसलेलं असणार, नव्या पोराला सांगणारं.

माणगावकर

पलटणीबाहेरचं आहे, पण माणगावचा असून न लिहिणं जमणार नाही. नाईक यशवंत घाडगे आमच्या तालुक्यातले, पळसगावचे. ते तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४, इटली, वरच्या टायबरचं खोरं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे उरले. धावत गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांचं नाव कॅसिनो स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावात. येता-जाता थांबा.

कृष्णाकाठ

माणगावकर, बाहेरचं कसं? तिसरीची गाठ जंगी पलटणीशी पुढे पडणारच आहे, १९७१ वर येतो तेव्हा सांगतो.

आधी इटलीतली जंगी पलटण. आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर ती तिथे लढली. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. नदीच्या दोन्ही बाजूंना उंच बांध, बांधात जर्मन मशीनगनी आणि सुरुंग. नामदेव जाधव हे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. पलीकडच्या काठावर पोचताच तीन मशीनगनींनी त्यांच्या तुकडीचा चुराडा केला. कंपनी कमांडरसह काहीजण जखमी होऊन पडले. जाधवांनी एकाला पाठीवर घेतलं, खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले, या वेळी मशीनगनींसाठी. पहिली मोर्चाबंदी टॉमीगनने साफ केली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकली आणि हातबॉम्ब घेतले. ते संपले की बांधावर सरपटत जाऊन आणखी आणायचे. तिन्ही ठाणी बंद पाडली. मग बांधाच्या माथ्यावर, उखळी तोफांचा मारा चालू असताना, उघड्यावर उभे राहून त्यांनी शिवाजी महाराजांच्या नावाची घोषणा दिली आणि हात हलवून बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावलं.

मला यातलं काय सगळ्यात मोठं वाटतं? मशीनगनींकडे ते वळले ते जखमी सोडवून झाल्यावर. आधी माणसं, मग लढाई. निमजच्या (अहमदनगर) या शेतकऱ्याच्या पोराला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि सुदैवाने तो घालायला ते जिवंत राहिले. १९८४ मध्ये वारले.

तोस्काना_मुक्काम

इटलीचं निघालं म्हणून. मी फ्लॉरेन्सजवळ राहते. इथून जवळ मोंतेगुफोनी नावाचा जुना वाडा आहे. युद्धात बॉम्बपासून वाचवायला उफ्फिझी संग्रहालयातली चित्रं तिथे आणून ठेवली होती, त्यांत बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' (म्हणजे वसंत) हे चित्र होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात आठव्या भारतीय डिव्हिजनचे मराठा सैनिक तिथे पोचले तेव्हा ही चित्रं भिंतींना टेकून उभी होती, आणि आपल्या शिपायांनी त्यांवर पहारा दिला. पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन वसंतापुढे वाई-महाडकडचा कोणी शिपाई रायफल घेऊन रात्रभर उभा आहे, हे मनात आलं की अंगावर काटा येतो. इथल्या मोजक्याच लोकांना हे माहीत आहे, आणि आपल्याकडे तर त्याहून कमी.

सुमेधा_क

तोस्काना, हे पहिल्यांदाच वाचतेय. शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

भुईकोट

माझ्या प्रश्नाला सगळ्यांनी सरळ उत्तरं दिली, बरं वाटलं. कृष्णाकाठ, दमणही लिहा. १९६१ चा गोवामुक्तीचा लढा म्हटलं की सगळे पणजीबद्दल बोलतात. १८ डिसेंबरच्या पहाटे दमणवर चालून गेली ती हीच पहिली मराठा, लेफ्टनंट कर्नल भोसले यांच्या हुकमतीखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पोर्तुगीजांनी शरणागती दिली. आपले चार जवान गेले, चौदा जखमी झाले. ज्या किनाऱ्यावर चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्याच किनाऱ्यावर वर दमणमधून त्यांना शेवटचं काढलं ते मराठा पलटणीने. १७६८ चा माझा हिशेब इथे थोडा फिटतो म्हणायचा.

कृष्णाकाठ

फिटतो, आणि ते तुमच्याकडून आलं याचा मला आनंद आहे.

आता १९७१ चं बांगलादेश युद्ध. पहिली मराठा तेव्हा ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये, सीओ लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. मेघालयाकडून उतरून ब्रह्मपुत्रेच्या काठच्या जमालपूरला ब्रिगेड पोचली. समोर पाकिस्तानची ३१ बलुच, सीओ लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी पाठवली. ती पोचवायला सायकलवरून गेला मुक्तिबाहिनीचा (बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांचा) एक साधा माणूस. मार खाऊनही तो उत्तर घेऊन परतला. उत्तर कागदात गुंडाळलेल्या गोळीसकट होतं. आशय असा, की पुढच्या वेळी तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी.

पलटण त्याआधीच नदी ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला, शत्रूच्या माघारीच्या वाटेवर जाऊन बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलुच अंधारात त्या वाटेने बाहेर पडली आणि थेट मराठ्यांच्या खंदकांवर आली. पहाटेपर्यंत लाटांवर लाटा. उजाडलं तेव्हा खंदकांपुढे दोनशेहून जास्त प्रेतं होती आणि जमालपूर मोकळं झालं होतं. 'जमालपूर' हा रणसन्मान पलटणीला मिळाला तो याचा. समोरचेही शौर्याने लढले हे लिहायला मला संकोच नाही, पलटणीतले लोकही ते मान्य करतात.

आणि आता ती गाठ, माणगावकर. जमालपूरनंतर पहिली मराठा ढाक्याच्या रस्त्याने दक्षिणेला धावली. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ दुसरी पॅरा ही छत्रीधारी पलटण हवेतून उतरली होती आणि तिने पुंगलीचा पूल धरला होता. तिला जाऊन मिळाली ती जंगी पलटण. दुसरी पॅरा म्हणजे कोण? १९५२ पर्यंतची तिसरी मराठा! घाडग्यांची पलटण. टोपीचा रंग बदलून मरून झाला होता, नाव बदललं होतं, पण परक्या देशात एका पुलावर दोन भाऊबंद पलटणी भेटल्या.

निवृत्त_गणपत

हे वाचून छाती भरून आली. दुसऱ्या बटालियनचं, काळ्या पाचवीचं, एक जोडतो, नाहीतर त्या पलटणीतले मित्र मला सोडायचे नाहीत. १८४० मध्ये बलुचिस्तानात काहानच्या किल्ल्यात तेव्हाच्या पाचव्या रेजिमेंटचे जेमतेम तीनशे शिपाई कॅप्टन लुईस ब्राउनबरोबर अडकले. मरी या बलुची टोळ्यांनी कित्येक महिने वेढलं. मदतीला आलेली फौज वाटेतच मोडली. शेवटी सप्टेंबरात मरी सरदाराशी बोलणं होऊन ते हत्यारांसह, मानाने बाहेर आले. १८४१ मध्ये त्या रेजिमेंटला 'लाइट इन्फंट्री' हा मान मिळाला. आज आम्ही झपाझप चालतो ते या माणसांच्या पुण्याईवर.

घाटावरची_वाट

माझा एक प्रश्न आहे, कोणी मदत केली तर फार उपकार होतील. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात चावडीजवळ संगमरवरी पाटी आहे: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, पैकी इतके मेले. फक्त आकडे. आमच्या घरात सांगतात की खापरपणजोबांचे थोरले भाऊ 'बसऱ्याला गेले' आणि आले नाहीत. पलटण १०३ असावी असा अंदाज. नाव कुठे सापडेल?

कृष्णाकाठ

अशा पाट्या साताऱ्यात आणि कोकणात गावोगाव आहेत. अपशिंगे मिलिटरी हे घरोघरी फौजी असलेलं गाव सगळ्यांना माहीत असतं, पण लहान गावांच्या पाट्यांकडे कोणी वळून बघत नाही. तुम्ही बघितलीत हे फार मोलाचं.

बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात गेलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांचं स्मरण आहे. तिथल्या भिंतींवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीप्रमाणे फक्त आकडे. हा अन्याय होता. नावं मात्र नोंदवहीत आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. असं करा:

पलटणीच्या जागी १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री घाला, स्मारक बसरा निवडा, साल १९१५ ते १९१७ ठेवा. नावाने शोधू नका, कारण इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलंय. पूर्ण यादी उघडून 'जास्तीची माहिती' हा रकाना वाचा. त्यात बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. गावाचं नावही वाकडंतिकडं असेल, तर मोठ्याने वाचून बघा, कानाला कळतं. १०३ मध्ये नाही सापडलं तर १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ याच क्रमाने बघा. साताऱ्याची माणसं या सगळ्यांत होती. घरी जुनं पेन्शनचं पुस्तक किंवा पितळी पदक असेल तर त्याची कड तपासा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते.

गावाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मीही यादी वाचायला बसतो.

निवृत्त_गणपत

मलाही पाठवा. नाव सापडलं की बेळगावला सेंटरला पत्र कसं लिहायचं ते मी सांगतो.